मेक्सिकोतील लोक-तंतुवाद्यसंगीत आणि त्याचे ध्वनिमुद्रण : एक साधनचिकित्सा

१

इ. स. १७६६ मध्ये मेक्सिकोतील इन्क्विझिशनने, म्हणजे धर्मबाह्य आचारविचारांची चौकशी करणाऱ्या न्यायासनाने, व्हेराक्रूझ बंदरात गायिल्या व नाचल्या जाणाऱ्या ‘एल् चुचुंबे’ नावाच्या गीताची दखल घेतली आणि त्यावर बंदी घातली. गीतातील शब्द पाद्र्यांची टवाळी करणारे, आणि नृत्यातील हावभाव असभ्य, असा आक्षेप होता. या चौकशीच्या कागदपत्रांत गीताचे शब्द पुराव्यादाखल उतरवून ठेवलेले असल्यामुळे ते आजही मेक्सिकोच्या राष्ट्रीय दफ्तरखान्यात वाचावयास मिळतात. चाल मात्र कोणी लिहून ठेविली नाही. न्यायासनाला तिची गरजही नव्हती. विसाव्या शतकाच्या अखेरीस व्हेराक्रूझमधील वादकांनी हे गीत पुन्हा गावयास घेतले, तेव्हा त्यांना त्यासाठी नवी चाल बांधावी लागली.

लोकसंगीताच्या इतिहासकाराची मुख्य अडचण या एका उदाहरणात स्पष्ट होते. ज्या वस्तूचा इतिहास लिहावयाचा ती वस्तू उच्चारताक्षणी नाहीशी होते. मागे उरतो तो तिच्याविषयीचा मजकूर, आणि तोही बहुधा तिच्या विरोधकांनी लिहिलेला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फोनोग्राफ यंत्र अवतरल्यावर ही अडचण दूर झाली, असा पुष्कळांचा समज झाला. ज्या काळापासून ध्वनी राखून ठेवता येऊ लागला त्या काळापासूनचा इतिहास निर्विवाद होईल, अशी ती अपेक्षा होती.

ही अपेक्षा कितपत खरी ठरली, याचा विचार मेक्सिकोतील लोक-तंतुवाद्यसंगीताच्या आधारे करण्याचा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. येथे मांडावयाचे मत थोडक्यात असे : ध्वनिमुद्रण हा संगीताचा आरसा नव्हे, तो एक दस्तऐवज होय, आणि कोणत्याही दस्तऐवजाप्रमाणे तो कोणी केला, कोणासाठी केला, कोणत्या मर्यादांत केला आणि त्यातून काय वगळले, हे प्रश्न त्यालाही विचारले पाहिजेत. मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांनी बखर आणि अस्सल कागद यांच्या संदर्भात जी शिस्त अंगी बाणवली, तिचीच येथे आवश्यकता आहे.

२

प्रथम या संगीताची घडण पाहू. स्पॅनिश लोक १५१९ मध्ये मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरले, त्यापूर्वी तेथील समाजांत ढोल, शंख, बासऱ्या, खुळखुळे अशी वाद्ये विपुल होती. तंतुवाद्ये असल्याचा निःसंदिग्ध पुरावा मात्र मिळत नाही. पश्चिमेकडील डोंगरांत राहणारे कोरा लोक भोपळ्यावर धनुष्य आडवे ठेवून त्याची प्रत्यंचा काठ्यांनी वाजवितात. हे वाद्य स्पॅनिशपूर्व आहे की नाही, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. ते सोडले, तर आज ज्याला आपण मेक्सिकन तंतुवाद्यसंगीत म्हणतो त्याची सर्व साधने समुद्रापलीकडून आली.

ती आली आणि लगोलग रुजली. पेद्रो दे गान्ते या फ्रान्सिस्कन धर्मबंधूने १५२३ मध्ये तेश्कोको येथे शाळा काढली, तीत संगीताचे शिक्षण दिले जात असे. मोतोलिनिया या दुसऱ्या धर्मोपदेशकाच्या लिखाणात स्थानिक लोकांनी ही परकी वाद्ये किती थोड्या अवधीत हस्तगत केली याचे कौतुक आढळते. पुढे हे कौतुक चिंतेत बदलले. चर्चमधील वाद्ये व वादक यांची संख्या इतकी वाढली की, १५५५ च्या मेक्सिको धर्मपरिषदेला त्यांवर निर्बंध घालावे लागले.

पुढील अडीच-तीन शतकांत ही वाद्ये खेड्यापाड्यांतील सुतारांच्या हातून नवी रूपे घेत गेली. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या लयीचा, विशेषतः किनारपट्टीवर, त्यांवर खोल संस्कार झाला. परिणामी प्रदेशपरत्वे निरनिराळे वाद्यमेळ सिद्ध झाले. ईशान्येकडील वास्तेका प्रदेशात एक व्हायोलिन, पाच तारांची लहान ‘हाराना’ आणि मोठ्या पेटीची आठ तारांची ‘वापांगेरा’ असा त्रिकूट-मेळ असतो, आणि गायक मध्येच आवाज फोडून कृत्रिम तारस्वरात चढवितो. दक्षिण व्हेराक्रूझमधील ‘हारोचो’ परंपरेत लाकडाच्या एकाच ठोकळ्यातून कोरून काढलेल्या हाराना, शिंगाच्या लांब पट्टीने छेडावयाचे ‘रेकिंतो’ आणि काही भागांत हार्प यांचा मेळ बसतो. लाकडी चौथऱ्यावर नाचणाऱ्यांची पावले हे या मेळाचे तालवाद्यच होय. मिचोआकान प्रांतातील तेपालकातेपेक नदीच्या खोऱ्यात मोठ्या हार्पभोवती व्हायोलिने व गिटारीच्या जातीची वाद्ये असतात, आणि एक जण तारा छेडीत असता दुसरा त्याच हार्पच्या पेटीवर हातांनी ठेका धरतो. हालिस्को व त्याच्या आसपासच्या प्रदेशातील ‘मारियाची’ मेळ मुळात व्हायोलिने, फुगीर पाठीची पाच तारांची ‘विउएला’, खर्जासाठी हार्प किंवा ‘गितारोन’ अशा केवळ तारांचाच होता. गेरेरो व मिचोआकान यांच्या सीमेवरील बाल्सास खोऱ्यात व्हायोलिनवादक हाच मेळाचा नायक.

या सर्वांत समान असलेल्या रचनाप्रकाराला ‘सोन’ म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ केवळ ‘नाद’ एवढाच आहे. सहा मात्रांचे आवर्तन कधी आपल्या दादऱ्याप्रमाणे तीन-तीन असे, तर कधी दोन-दोन-दोन असे विभागावयाचे, आणि हे दोन्ही विभाग कित्येकदा एकाच वेळी दोन वाद्यांवर चालवावयाचे, हे त्याचे लयतत्त्व. ठरलेली चाल ही केवळ चौकट असते. कडवी, त्यांचा क्रम, मधल्या वादनाची लांबी आणि अलंकरण हे सारे प्रसंगानुसार ठरते. ही शेवटची गोष्ट पुढील विवेचनात विशेष ध्यानात ठेवावयाची आहे.

३

ध्वनिमुद्रणापूर्वी आणि त्याच्या बरोबरीने हे संगीत स्वरलिपीत उतरविण्याचे प्रयत्न झाले. १९१० च्या क्रांतीनंतर नव्या राष्ट्राची ओळख खेड्यांत शोधावयाची, असे सरकारी शिक्षणनीतीने ठरविले. फ्रान्सिस्को दोमिंगेस यांच्यासारखे संगीतकार शिक्षणखात्याच्या वतीने प्रांतोप्रांती हिंडून चाली टिपू लागले. विसेन्ते मेंदोसा यांनी कानांनी ऐकून लिहिलेल्या गीतांच्या आधारे स्पॅनिश कथागीते व मेक्सिकन ‘कोरिदो’ यांचा तौलनिक अभ्यास १९३९ मध्ये प्रसिद्ध केला. या कार्याचे मोल मोठे आहे. परंतु त्याची मर्यादा एका प्रसिद्ध प्रसंगातून दिसून येते.

१९४० मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात मेक्सिकन कलेचे भव्य प्रदर्शन भरले. त्याच्या जोडीने कार्लोस चावेस यांनी मेक्सिकन संगीताचे कार्यक्रम सादर केले. त्यांत त्यांची स्वतःची, आझ्टेक संगीत कसे असेल याची कल्पना करून रचलेली ‘शोचिपिली’ ही रचना होती, आणि ब्लास गालिंदो यांची मारियाचीच्या सोनांवर आधारलेली रचनाही होती. पहिलीत केवळ सुषिर व घन-अवनद्ध वाद्ये आहेत. तंतुवाद्य एकही नाही. प्राचीन व अस्सल ते तारांवाचूनचे, तारांचे ते मिश्र व अर्वाचीन, अशी जी विभागणी त्या पिढीच्या मनात होती, ती या दोन रचनांत जणू एकमेकींसमोर उभी राहिली.

त्यानंतर गालिंदो आणि होसे पाब्लो मोंकायो हे दोघे चावेस यांच्या सूचनेवरून व्हेराक्रूझमधील आल्वारादो या गावी गेले. तेथे ऐकलेल्या तीन सोनांवरून मोंकायो यांनी १९४१ मध्ये ‘वापांगो’ ही वाद्यवृंदरचना सिद्ध केली. गावातील वादक एकच चाल दुसऱ्यांदा तशीच कधी गात नसल्यामुळे ती टिपून घेणे फार कठीण गेले, असे मोंकायो यांनी पुढे सांगितल्याचे नमूद आहे. येथे दोष कोणाच्याही कानांचा नव्हता. स्वरलिपीला एक निश्चित पाठ हवा असतो, आणि सोनाला तसा पाठच नसतो. प्राचीन ग्रंथाचा संपादक अनेक पोथ्यांतील पाठभेद तपासून मूळ संहितेकडे जाऊ पाहतो. सोनाचे पाठभेद कितीही जमविले तरी त्यांच्यामागे मूळ संहिता सापडावयाची नाही. पाठभेद हेच त्याचे स्वरूप होय.

४

आता यंत्राकडे वळू. मेक्सिकोतील आद्य क्षेत्रीय ध्वनिमुद्रणांत कार्ल लुमहोल्ट्झ या नॉर्वेजियन प्रवाशाने १८९८ मध्ये विचोल व ताराउमारा लोकांत मेणाच्या नळकांड्यांवर केलेल्या मुद्रणांचा समावेश होतो. त्यानंतर १९०५ ते १९०७ या काळात जर्मन विद्वान कोन्राड प्रॉइस याने नायारित प्रदेशातील कोरा, विचोल इत्यादी लोकांत राहून गीते मुद्रित केली. ती नळकांडी बर्लिनच्या ध्वनिसंग्रहात गेली, आणि एरिख फॉन होर्नबोस्टेल याने केलेले कोरा गीतांचे विश्लेषण प्रॉइसच्या १९१२ च्या ग्रंथात प्रसिद्ध झाले. तौलनिक संगीतशास्त्राच्या आरंभीच्या कार्यात त्याची गणना होते.

या दोघांचे लक्ष धर्मविधीतील मंत्रगीतांवर होते, आणि ते साहजिकही होते; कारण त्यांना शोध होता तो स्पॅनिशपूर्व जगाचा. पण याच विचोल लोकांनी व्हायोलिन व गिटार यांची छोटी रूपे स्वतः घडवून आपल्या विधींत सामावून घेतली होती, ताराउमारा लोक व्हायोलिने बनविण्यात निष्णात होते, आणि कॅलिफोर्नियाच्या आखाताकाठचे सेरी लोक एकतारी व्हायोलिन वाजवीत. ज्याला ‘युरोपीय’ म्हणून बाजूस सारावे, ते तीन शतकांच्या सहवासाने पूर्णपणे त्यांचे झाले होते. तंतुवाद्यसंगीताला आरंभीच्या ध्वनिमुद्रणांत गौण स्थान मिळाले, याचे कारण या दृष्टिकोनात आहे.

याउलट तंतुवाद्यमेळाचा एक अमूल्य पुरावा मिळतो तो विद्वानांकडून नव्हे, व्यापाऱ्यांकडून. १९०८ मध्ये हालिस्कोतील कोकुला गावच्या चौघा वादकांच्या मेळाची वादने मेक्सिको शहरात अमेरिकन कंपन्यांसाठी मुद्रित झाली. ‘कुआर्तेतो कोकुलेन्से’ या नावाने ओळखली जाणारी ही मुद्रणे मारियाचीची सर्वांत जुनी ज्ञात मुद्रणे होत. त्यांत दोन व्हायोलिने, विउएला आणि गितारोन एवढीच वाद्ये आहेत, ट्रम्पेट नाही. या मुद्रणांमागे शास्त्रीय हेतू नव्हता, विक्रीचा होता. ती गावात झाली नाहीत, राजधानीत झाली. तरीही पुढे जे बदलले ते बदलण्यापूर्वीचा साक्षीदार म्हणून त्यांचे स्थान अढळ आहे. खेड्यात जाऊन केलेले मुद्रण तेवढे खरे आणि कंपनीचे तेवढे खोटे, हा सरळ हिशेब येथे चुकतो.

क्षेत्रीय कार्याचा पुढचा मोठा टप्पा हेन्रिएटा युर्चेंको (१९१६–२००७) यांचा. १९४२ ते १९४६ या काळात अमेरिकेचे काँग्रेस ग्रंथालय, आंतर-अमेरिकी आदिवासी संस्था आणि मेक्सिकोचे शिक्षणखाते यांच्या साह्याने त्यांनी मेक्सिको व ग्वाटेमालातील दुर्गम भागांत ध्वनिमुद्रण केले. तबकड्यांवर थेट खोदकाम करणारे अवजड यंत्र व वीज पुरविण्याची सामग्री खेचरांच्या पाठीवर लादून डोंगर चढावे लागत. त्यांचाही प्रधान उद्देश आदिवासी संगीतातील प्राचीन अवशेष शोधण्याचा होता. परंतु यंत्राच्या कक्षेत जे आले ते त्यांनी नाकारले नाही, म्हणून त्यांच्या संग्रहाचा उपयोग आज त्यांच्या मूळ उद्देशापलीकडेही होतो. मेक्सिकोच्या आदिवासीविषयक शासकीय संस्थेच्या ध्वनिसंग्रहालयाला पुढे त्यांचे नाव देण्यात आले.

५

युर्चेंको डोंगरांत असतानाच मैदानात वेगळेच घडत होते. १९३० मध्ये मेक्सिको शहरात एक्स्.ई.डब्ल्यू. हे प्रबळ नभोवाणी केंद्र सुरू झाले. १९३४ मध्ये तेकालितलान गावचा वार्गास घराण्याचा मारियाची मेळ राजधानीत स्थायिक झाला. चित्रपट, नभोवाणी आणि तबकडी या तिहींच्या गरजेनुसार मेळ वाढला, एकसारखे पोशाख आले, ट्रम्पेट आले, आणि १९५० च्या सुमारास ट्रम्पेटवाचूनचा मारियाची शहरवासीयांना अपुरा वाटू लागला. व्हेराक्रूझचे आंद्रेस वेस्का हे हारोचो परंपरेतील बसून वाजवावयाची लहान हार्प सोडून, रंगमंचावर व पडद्यावर उभे राहून वाजविता येईल अशी मोठी हार्प वापरू लागले. त्यांचे अनुकरण इतके झाले की, तीच ‘पारंपरिक’ ठरली. १९४६ मध्ये व्हेराक्रूझचेच मिगेल आलेमान अध्यक्षपदासाठी उभे राहिले, तेव्हा ‘ला बांबा’ हा तेथील सोन त्यांच्या प्रचाराचे गीत बनला. आणि १९५८ मध्ये रिची व्हॅलेन्स या तरुण गायकाने तो अमेरिकन रॉक संगीतात नेला. प्रसंगानुरूप कडवी जोडत जाणारा सोन अशा रीतीने ठराविक कडव्यांच्या, तीन मिनिटांच्या गीतात बंदिस्त झाला.

या पार्श्वभूमीवर ध्वनिफितीचे यंत्र आले. त्याने दोन गोष्टी साधल्या : मुद्रणाचा अवधी वाढला आणि खर्च कमी झाला. फिलाडेल्फियात जन्मलेले आणि मेक्सिकोलाच आपला देश मानलेले होसे राऊल हेल्मर (१९१३–१९७१) यांनी राष्ट्रीय ललितकला संस्थेसाठी आणि नभोवाणीसाठी प्रांतोप्रांतीचे सोन मुद्रित केले. चार्ल्स बोगर्ट हे न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहास संग्रहालयातील सरीसृपांचे अभ्यासक. त्यांनी व त्यांच्या पत्नीने मुद्रित केलेले मिचोआकान परिसरातील संगीत १९५८ मध्ये फोकवेज कंपनीने प्रसिद्ध केले, आणि त्याच वर्षी त्याच कंपनीने त्यांनी मुद्रित केलेले बेडकांचे आवाजही प्रसिद्ध केले. टॉमस स्टॅन्फर्ड यांनी १९५६ पासून दीर्घकाळ हे कार्य चालविले. १९६४ मध्ये राष्ट्रीय मानववंशशास्त्र संग्रहालयाची नवी वास्तू उघडली, त्या निमित्ताने राष्ट्रीय मानववंशशास्त्र व इतिहास संस्थेने काढलेली ‘मेक्सिकोची सांगीतिक साक्ष’ या अर्थाच्या नावाची ध्वनिमुद्रिका त्यांच्याच मुद्रणांवर आधारलेली होती. तिच्यापासून एक दीर्घ मालिकाच सुरू झाली. तीतील इरेने वास्केस वाये यांच्या ‘दक्षिण हालिस्कोतील सोन’ (१९७६) या दोन ध्वनिमुद्रिकांनी, चित्रपटातील मारियाचीच्या छायेत गेलेली तारांची परंपरा त्याच प्रदेशात अजून जिवंत आहे, हे सिद्ध केले. व्यवसायाने जीवरसायनशास्त्रज्ञ असलेले एदुआर्दो येरेनास यांनी बेनो लीबरमान व एन्रिके रामिरेस दे आरेयानो या मित्रांसह १९७० नंतरच्या दशकात देशभर हिंडून जमविलेल्या मुद्रणांतून सहा तबकड्यांचा सोन-संग्रह निघाला. विस्तार व ध्वनीची गुणवत्ता या दोन्ही दृष्टींनी तो आजही आधारभूत मानला जातो.

६

या साधनसंपत्तीची चिकित्सा कोणत्या अंगांनी करावी? चार गोष्टी मुख्य आहेत.

पहिली, कालावधी. मेणाचे नळकांडे दोन ते चार मिनिटांत संपे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची स्थिती फारशी निराळी नव्हती. पहाटेपर्यंत चालणाऱ्या मेळाव्यात सोनाला अशी मर्यादा नसते. नाचणारे थकेपर्यंत वा कडवी संपेपर्यंत तो चालतो. म्हणून जुन्या मुद्रणातील सोन आटोपशीर दिसला, तर तो आटोपशीरपणा यंत्राचा आहे की परंपरेचा, हे ठरविल्यावाचून त्यावरून रचनेविषयी अनुमान काढता येणार नाही.

दुसरी, विलगीकरण. संगीत नृत्यापासून, भोजनापासून, विवाह वा मृत्यूच्या प्रसंगापासून वेगळे काढून यंत्रासमोर बसविले जाते. हारोचो सोनातून लाकडी चौथऱ्यावरील पावलांचा आवाज काढून टाकला, तर ऐकणाऱ्याला ते केवळ मधुर तंतुवादन वाटेल. प्रत्यक्षात त्यातून लयीचा निम्मा भाग नाहीसा झालेला असतो.

तिसरी, निवड. संग्राहक जे शोधतो तेच त्याला बहुधा सापडते. प्राचीनतेच्या शोधकाने व्हायोलिन गाळले. राष्ट्रीयत्वाच्या शोधकाने विशिष्ट प्रांताचा विशिष्ट मेळ प्रातिनिधिक ठरविला. जुन्याच्या शोधकाने, वादकाने नुकतेच नभोवाणीवरून उचललेले गीत ऐकावयाचे नाकारले. वास्तविक गावचा वादक हे सर्वच वाजवीत असे. त्याच्या लेखी ते सर्व एकाच व्यवसायाचे अंग होते.

चौथी, नाव. जुन्या संग्रहांच्या नोंदींत जमातीचे नाव असते, गावाचे असते, संग्राहकाचे तर असतेच. वादकाचे कित्येकदा नसते. ‘लोक’ या शब्दाने व्यक्ती पुसली जाते. ही केवळ शिष्टाचाराची उणीव नव्हे, ती इतिहासाची हानी आहे. कारण कोणती लकब प्रदेशाची आणि कोणती एका प्रतिभावान माणसाची, हे नावावाचून सांगता येत नाही. बाल्सास खोऱ्यातील व्हायोलिनवादक हुआन रेनोसो (१९१२–२००७) यांचे उदाहरण पाहावे. त्यांची मुद्रणे त्यांच्या नावाने प्रसिद्ध झाली, त्यांना १९९७ मध्ये राष्ट्रीय पारितोषिक मिळाले, परदेशी वादक त्यांच्याकडे शिकावयास आले. त्यामुळेच त्यांच्या धनुकीतील कोणते वळण त्यांचे स्वतःचे, याची चर्चा तरी शक्य होते. नायारितच्या डोंगरातील नळकांड्यावरील अनामिक गायकाविषयी ती होऊ शकत नाही.

७

या मर्यादा जाणल्या म्हणजे मुद्रणांचे मोल कमी होते, असे मात्र नव्हे. १९६९ मध्ये वर उल्लेखिलेल्या मालिकेत व्हेराक्रूझच्या सोनांची एक ध्वनिमुद्रिका निघाली. तीत आर्कादिओ हिदाल्गो या दक्षिण व्हेराक्रूझमधील वृद्ध हारानावादकाचे गायन आहे. उंच हार्प आणि शुभ्र पोशाख यांच्याशी परिचित झालेल्या शहरी श्रोत्याला तो रांगडा, संथ, हार्पविरहित सोन अनोळखी वाटला असल्यास नवल नाही. परंतु तरुण वादकांची एक पिढी त्या आवाजाकडे वळली. १९७७ मध्ये स्थापन झालेल्या ‘मोनो ब्लांको’ या मेळात हिदाल्गो स्वतः वाजवू लागले. १९७९ पासून त्लाकोताल्पान येथे हारानावादकांचे वार्षिक संमेलन भरू लागले. आणि खेड्यांतील रात्रभराचे नृत्यमेळावे, जे विरळ होत चालले होते, ते पुन्हा भरू लागले. येथे महत्त्वाचे हे की, हे तरुण केवळ तबकडीवर थांबले नाहीत. ते तबकडीतील माणसाच्या दारी गेले. मुद्रणाने त्यांना चाल दिली असेल. चाल बदलण्याची मुभा आणि रीत त्यांना माणसांकडून मिळाली.

याच्या उलट धोकाही आहे. एकदा मुद्रित झालेला पाठ हाच शुद्ध पाठ, असे मानून नवशिके तो अक्षरशः गिरवू लागले, तर ज्या प्रवाहीपणामुळे मोंकायो गोंधळले तोच नष्ट होईल, आणि संग्राहकाने वाचविलेली वस्तू संग्रहामुळेच गोठेल. २०११ मध्ये युनेस्कोने मारियाचीला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या सूचीत स्थान दिले. त्या नोंदीच्या शीर्षकात ‘तंतुवाद्यसंगीत, गीत आणि ट्रम्पेट’ असे शब्द आहेत. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीचा नवागत तेथे वारसा म्हणून नोंदला गेला, यात काही अनुचित नाही. सोळाव्या शतकात व्हायोलिनचे पूर्वजही असेच नवागत होते. परंतु तो केव्हा आला आणि त्यापूर्वी काय होते हे सांगण्यासाठी १९०८ ची ती चौघांची मुद्रणे जवळ असावी लागतात.

२००८ मध्ये मेक्सिको शहरात राष्ट्रीय ध्वनिसंग्रहालय सुरू झाले. जतनाची सोय अशा रीतीने झाल्यावर पुढील कार्य दोन प्रकारचे आहे. विद्वानांनी प्रत्येक मुद्रणाची, त्याच्या यंत्रासह, प्रसंगासह आणि वादकाच्या नावासह, दस्तऐवज म्हणून छाननी करावी. आणि मुद्रणांच्या प्रती ज्या गावांतून ती आली त्या गावांस परत द्याव्यात. कारण नळकांड्यावरील स्वर नेमका कोणत्या प्रसंगीचा, ती लकब कोणत्या घराण्याची, गाळलेले कडवे कोणते, हे सांगू शकणारी माणसे, असलीच तर, तेथेच आहेत. ‘एल् चुचुंबे’ची चाल कोणाला विचारावी, असा माणूस आज उरलेला नाही. विसाव्या शतकातील मुद्रणांच्या बाबतीत तशी स्थिती अद्याप सर्वत्र आलेली नाही, आणि ती येण्यापूर्वी हे काम झाले पाहिजे.